पेनसिल्व्हेनियातील शिकारीचा हंगाम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतात 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने प्रारंभी परवानाधारक शिकारीला थोडी जागा ठेवली होती. 1991 च्या दुरुस्तीने ती परवानापद्धतच रद्द केली. जुन्या मुंबई राज्यात 1951 च्या कायद्यानुसार शिकारीचे परवाने दिले जात आणि बंदीचे महिनेही ठरवून दिले जात, हे आता फारसे कोणाच्या स्मरणात नाही. त्यामुळे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात अलीकडच्या वर्षांत दर हंगामात चार लाखांहून अधिक हरणे कायदेशीररीत्या मारली गेली असे वाचनात आले, की एक तर तिथे कायदाच नसावा किंवा हरणांची कोणाला पर्वा नसावी, असा ग्रह मराठी वाचकाचा होतो. वस्तुतः या राज्यातील शिकारीचे नियमन इतके तपशीलवार आहे की दरवर्षी निघणारी नियमपुस्तिका जुन्या शिकाऱ्यालाही पुन्हा चाळावी लागते. आणि या नियमनाचा मुख्य हेतू कोणाची हौस भागवणे हा नसून कोणत्या भागात कोणते प्राणी किती राहावेत हे ठरवणे हा आहे.

हे नियम वॉशिंग्टनमधून येतात, ही समजूत अंशतःच खरी आहे. अमेरिकेत स्थानिक वन्यप्राणी राज्याच्या अखत्यारीत येतात. बदके, हंस, कबुतरे यांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांबाबत मात्र 1918 च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यामुळे केंद्र सरकार हंगामाची चौकट आखते आणि तिच्या आत राज्ये आपले दिवस निवडतात. पेनसिल्व्हेनियात शिकारीच्या नियमनाचे काम ‘गेम कमिशन’ या 1895 मध्ये कायद्याने निर्माण झालेल्या स्वतंत्र आयोगाकडे आहे. गव्हर्नरने नेमलेले आणि राज्याच्या सिनेटने संमत केलेले त्याचे नऊ बिनपगारी सदस्य साधारणतः जानेवारीत पुढील हंगामाच्या तारखांना प्राथमिक मंजुरी देतात आणि लोकांची मते ऐकून एप्रिलमध्ये त्या कायम करतात. वन्यप्राणी ही जनतेची मालमत्ता असून राज्य तिचे विश्वस्त आहे, हे या व्यवस्थेचे अधिष्ठान होय. म्हणूनच स्वतःच्या शेतात चरणारे हरीण शेतमालकाचे होत नाही. इतरांना आपल्या जमिनीत येण्यास तो मज्जाव करू शकतो, एवढाच त्याचा हक्क असतो.

‘हंगाम खुला झाला’ या शब्दप्रयोगामुळे ठरावीक महिन्यांत कोणालाही काहीही मारता येते असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात हंगाम प्राणी, शस्त्र आणि विभाग या तिहेरी चौकटीत बांधलेला असतो. राज्याचे वीसहून अधिक वन्यजीव व्यवस्थापन विभाग पाडलेले आहेत आणि एकाच हरणासाठी धनुष्यबाणाचा, ठासणीच्या बंदुकीचा आणि रायफलीचा काळ वेगवेगळा असतो. धनुष्यबाणाचा हंगाम शरद ऋतूत सुरू होतो. रायफलीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीस ‘थँक्सगिव्हिंग’ या सणानंतर सुरू होऊन साधारण दोन आठवडे चालतो. 1963 पासून तो सणानंतरच्या सोमवारी उघडत असे आणि ग्रामीण भागातील अनेक शाळा त्या दिवशी सुट्टी देत. 2019 मध्ये तो शनिवारवर आणला गेला तेव्हा झालेला वाद पाहिला, तर तारखेशीही लोकांचे भावनिक नाते जडते हे ध्यानात येते. या तारखेमागे जीवशास्त्रीय कारणही आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माजाचा काळ नोव्हेंबरच्या मध्याला शिगेला पोहोचतो, म्हणजे रायफली निघतात तोवर बहुतेक माद्यांना गर्भधारणा झालेली असते, आणि पाडसे मे-जूनमध्ये जन्मणार असल्याने दूध पिणारे पिल्लू पोरके होण्याची शक्यता उरत नाही. नाताळानंतरच्या एका हंगामात केवळ गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या जुन्या धाटणीच्या ठासणीच्या बंदुका चालतात. हे राज्याने हौसेने जपलेले एक वेड आहे असे म्हणायला हरकत नाही.

सर्वांत चिवट गैरसमज मादी हरणांविषयीचा आहे आणि तो बाहेरच्यांइतकाच पेनसिल्व्हेनियातील शिकाऱ्यांमध्येही मुरलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार जंगलतोड आणि बाजारात मांस विकण्यासाठी होणारी शिकार यांमुळे राज्यातून हरीण जवळजवळ नाहीसे झाले होते. 1906 मध्ये मिशिगनहून हरणे आणून सोडण्यात आली, 1907 मध्ये मादी मारण्यास बंदी घालण्यात आली आणि तोडलेल्या जंगलाच्या जागी उगवलेल्या कोवळ्या झाडोऱ्यावर हरणांची संख्या झपाट्याने वाढली. ‘मादी वाचवा’ हे धोरण तेव्हा योग्यच होते. परंतु त्याचे रूपांतर नैतिक नियमात झाले आणि परिस्थिती बदलल्यावरही तो नियम लोकांच्या मनातून गेला नाही. एक नर अनेक माद्यांशी समागम करतो, त्यामुळे केवळ नर मारल्याने पुढील वर्षीच्या पाडसांची संख्या फारशी घटत नाही. धडधाकट मादी तर बहुधा जुळ्यांना जन्म देते. परिणामी 1920 च्या दशकातच हरणे अन्नावाचून मरू लागली आणि आयोगाला माद्यांची शिकार खुली करावी लागली. तिला शिकाऱ्यांनीच विरोध केला, आणि तो विरोध पुढे पिढ्यान् पिढ्या टिकला.

हरणांच्या संख्येच्या या अतिरेकाचा फटका केवळ त्यांनाच बसला नाही. हरणे ओक, मेपल यांची रोपे आणि जंगलातील रानफुले वेचून खातात व नेचासारख्या नावडत्या वनस्पतींना हात लावत नाहीत. त्यामुळे उत्तर पेनसिल्व्हेनियातील विस्तीर्ण जंगलांत वर उंच जुनी झाडे आणि खाली केवळ नेच्यांचा गालिचा, मधल्या वयाचे झाड औषधालाही नाही, अशी अवस्था झाली. कुंपण घालून हरणांना दूर ठेवलेल्या चाचणी-तुकड्यांत मात्र तीच जमीन रोपांनी भरून येते, असे वनशास्त्रज्ञांनी वारंवार दाखवून दिले. हिरवेगार जंगल पाहणाऱ्या प्रवाशाला ते निरोगी वाटते. ते आतून म्हातारे झालेले असते, हे त्याच्या लक्षात येत नाही.

आयोगाचे अस्वलतज्ज्ञ गॅरी आल्ट यांनी 1999 मध्ये हरीण-व्यवस्थापनाची धुरा घेऊन राज्यभर व्याख्याने देत हाच मुद्दा मांडला आणि त्यांच्या कारकिर्दीत नर व मादी यांची शिकार एकाच वेळी खुली झाली. संख्या घटू लागताच शिकाऱ्यांचा रोष उसळला आणि 2004 च्या अखेरीस ते पदावरून दूर झाले. धोरण मात्र बऱ्याच अंशी टिकले. आज प्रत्येक विभागासाठी ‘शिंगरहित’ हरणांचे, म्हणजे माद्यांचे आणि शिंगे न फुटलेल्या पाडसांचे, स्वतंत्र परवाने दिले जातात. 2022 पर्यंत त्यांचे अर्ज गुलाबी लिफाफ्यांतून काउंटीच्या खजिनदाराकडे टपालाने पाठवावे लागत. जितके परवाने तितक्या हरणांची हत्या, ही समजूतही येथेच दूर करणे इष्ट आहे. 2023-24 च्या हंगामात असे सुमारे 11 लाख परवाने उपलब्ध होते आणि मारली गेलेली शिंगरहित हरणे सुमारे 2 लाख 58 हजार होती, म्हणजे साधारण चारांतला एकच परवाना सार्थकी लागला; परवान्यांचा आकडा हे अपयश गृहीत धरूनच ठरवला जातो.

नराच्या बाबतीत शिंगांवरून वय ओळखता येते असे मानले जाते. हरणाची भरीव शिंगे दर हिवाळ्यात गळतात आणि वसंतात नव्याने फुटतात. त्यांना किती फाटे येतील हे वयाबरोबरच आहार आणि आनुवंशिकता यांवरही अवलंबून असते. तरीही दीड वर्षाच्या नराला सहसा कमी फाटे असतात, एवढे ढोबळ सत्य पकडून 2002 मध्ये असा नियम करण्यात आला, की बहुतेक विभागांत एका बाजूच्या शिंगाला किमान तीन फाटे असल्याशिवाय नर मारू नये. त्यापूर्वी मारल्या जाणाऱ्या नरांपैकी बहुसंख्य जेमतेम दीड वर्षाचे असत. हा नियम मोठ्या शिंगांचे चषक मिळवून देण्यासाठी आहे असे टीकाकार म्हणतात, पण नरांना वाढायला अवधी देऊन कळपातील वयाचा समतोल सावरणे हा त्याचा मूळ उद्देश होता. लहान मुलांना या अटीतून सवलत आहे.

शिकारीवर करदात्यांचा पैसा उधळला जातो, आणि शिकारीतून सरकार गल्ला भरते, असे दोन परस्परविरोधी आक्षेप एकाच वेळी ऐकू येतात. आयोगाला राज्याच्या सर्वसाधारण कर-उत्पन्नातून निधी मिळत नाही. परवाना-शुल्क, आयोगाच्या मालकीच्या जमिनींवरील लाकूड आणि नैसर्गिक वायू यांचे उत्पन्न आणि केंद्राचा वाटा यांवर तो चालतो. हा केंद्रीय वाटा 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यातून येतो. त्यानुसार रायफली, शॉटगन आणि काडतुसे यांवर 11 टक्के अबकारी कर बसतो आणि तो राज्यांना क्षेत्रफळ व परवानाधारकांच्या संख्येच्या प्रमाणात वाटला जातो. अट अशी, की राज्याने शिकार-परवान्यांचे पैसे अन्यत्र वळवता कामा नयेत. 1920 पासून विकत घेतलेल्या सुमारे 15 लाख एकरांच्या राखीव जमिनी याच व्यवस्थेचे फळ असून तिथे पक्षिनिरीक्षकही जातात. तथापि या रचनेत एक उघड दोष आहे. जो पैसा देतो त्याच्या आवडीच्या प्राण्यांकडे लक्ष अधिक जाते, वटवाघूळ किंवा कासव यांच्याकडे कमी. शिवाय 1980 च्या दशकात या राज्यात बारा लाखांच्या वर असलेली परवानाधारकांची संख्या आता दहा लाखांच्या खाली आली आहे, आणि शिकारी घटले की याच निधीतून होणाऱ्या गरुडाच्या संवर्धनाचा पैसाही घटतो.

मारलेल्या हरणाचे मांस बाजारात जाते, ही समजूत तर पूर्ण उलटी आहे. बाजारू शिकारीनेच एकेकाळी प्राणी संपवले असल्याने शिकारीच्या मांसाच्या विक्रीला कायद्याने मनाई आहे. अमेरिकी उपाहारगृहात मिळणारे हरणाचे मांस बंदिस्त पैदाशीचे, पुष्कळदा न्यूझीलंडहून आलेले असते. शिकारी ते स्वतः खातो, वाटतो किंवा गरजूंच्या अन्नकेंद्रांना दान करतो. हरीण पडताच जागेवरून हलवण्यापूर्वी त्याला चिठ्ठी बांधावी लागते आणि दहा दिवसांच्या आत आयोगाला कळवावे लागते. अस्वल तर चोवीस तासांत तपासणी-केंद्रावर न्यावे लागते. एल्क या सांबराच्या नातलग मोठ्या हरणाची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते राज्यातून नामशेष झाल्यावर 1913 पासून पुन्हा आणले गेले, 1931 नंतर सत्तर वर्षे त्याची शिकार बंद राहिली, आणि 2001 पासून ती खुली असली तरी अलीकडे वर्षाला दीडशेच्या आसपासच परवाने, तेही सोडत काढून, दिले जातात.

रायफलीच्या हंगामात डोके, छाती आणि पाठ मिळून किमान 250 चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर असावे लागते. त्यामुळे हरीण बिथरत असेल, ही शंका निराधार आहे, कारण हरणाच्या डोळ्यात लाल-नारिंगी छटा ओळखणाऱ्या पेशी नसतात आणि माणसाला लांबून दिसणारा तो रंग त्याला मळकट भासतो. वस्ती असलेल्या इमारतीपासून 150 यार्डांच्या आत परवानगीवाचून बंदुकीने शिकार करता येत नाही. झाडांवर जांभळे उभे पट्टे दिसले तर ती सजावट नव्हे. 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागांत त्यांचा अर्थ ‘प्रवेश निषिद्ध’ असा होतो. रविवारी शिकार बंद असते असे अजूनही सांगितले जाते. 1873 पासून ती बंदी होती, तरी कोल्हे आणि कावळे यांना ती लागू नव्हती. 2019 च्या कायद्याने तीन रविवार मोकळे केले आणि 2025 मध्ये बंदीच उठवण्यात आली, त्यामुळे कोणते रविवार खुले ठेवायचे हे आता आयोग ठरवतो.

हरणांमध्ये पसरणाऱ्या ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ या मेंदूच्या प्राणघातक रोगाबाबत, मांस नीट शिजवले की धोका टळतो, असे अनेकांना वाटते. हा रोग जिवाणू-विषाणूंमुळे नव्हे, तर प्रायॉन या विकृत प्रथिनामुळे होतो आणि ते स्वयंपाकाच्या उष्णतेने नष्ट होत नाही. राज्यात तो प्रथम 2012 मध्ये आढळला. माणसाला त्याची लागण झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे, आणि बाधित क्षेत्रातून हरणाचा मेंदू व पाठीचा कणा बाहेर नेण्यास तसेच तिथे हरणांना खाऊ घालण्यास मनाई आहे.

फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांशी यातील दोन बाबींचा थेट संबंध येतो. विद्यार्थी किंवा एच-1बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक बाळगता येत नाही, हे सामान्यतः खरे आहे. पण राज्याचा वैध शिकार-परवाना असणे हा त्या कायद्यातील एक अपवाद आहे, आणि तो परवाना प्रथमच घेणाऱ्याला शिकारीच्या सुरक्षिततेचे शिक्षण पूर्ण करावे लागते. दुसरी बाब मोटारीची. हरणाशी टक्कर होणे या राज्यात नित्याचे आहे, आणि धडकेने मेलेले हरीण उचलून घरी नेले तर चोरी ठरते किंवा त्यावर कोणाचाच हक्क नसतो, अशा दोन्ही टोकांच्या समजुती प्रचलित आहेत. राज्याच्या रहिवाशाला ते मांसासाठी नेता येते. मात्र चोवीस तासांच्या आत आयोगाकडून परवाना-क्रमांक घ्यावा लागतो आणि नराची शिंगे आयोगाकडे जमा करावी किंवा शुल्क भरून विकत घ्यावी लागतात, जेणेकरून शिंगांसाठी कोणी अपघाताचे निमित्त पुढे करू नये.