मॉडेमचा मुलूख

रेडिओ-चाचणीच्या चेंबरचं जाडजूड दार लागलं की कानांना दडे बसतात. भिंतींवर आणि छतावर निळ्या फोमचे हातभर सुळके. त्यांत आवाज विरतो, रेडिओलहरीही विरतात. मधोमध फिरत्या चकतीवर टेबल आणि टेबलावर आमचा मॉडेम. द्राक्षबागेतल्या मातीचा ओलावा मोजून तो आकडा दोन-चार किलोमीटरवरच्या गेटवेपर्यंत पोचवणं, एवढंच त्याचं काम. तीन मीटरवर एका खांबाला मोजणीचा अँटेना. चकती संथ फिरते, अँटेना एक मीटरपासून चार मीटरपर्यंत चढतो-उतरतो आणि बाहेरच्या खोलीत पडद्यावर रेघ उमटत जाते. १ गिगाहर्ट्झच्या खालची मोजणी असेल तर टेबल ८० सेंटिमीटर उंच, वरची असेल तर दीड मीटर. इथे मॉडेम किती लांब बोलतो याचं कुणाला कौतुक नसतं. जिथे गप्प बसायचं तिथे तो गप्प बसतो का, एवढंच बघतात.

आमचा बसत नव्हता. ‘‘सर, सतराशे तीसला डोकं वर काढलंय बघा,’’ तपासणी करणारी मुलगी पेन्सिलीनं पडदा दाखवत म्हणाली. मॉडेम ८६५ मेगाहर्ट्झवर बोलतो. पण ट्रान्समीटरला जोर लावला की दुप्पट फ्रिक्वेन्सीवरही थोडं सांडतं, त्याला हार्मोनिक म्हणतात. ८६५ ची दुप्पट १७३०. आणि १७१० ते १७८५ या पट्ट्यातून आपल्याकडचे फोरजी फोन टॉवरशी बोलतात. म्हणजे बागेतला मॉडेम ओलावा सांगता सांगता शेजारच्या टॉवरच्या कानात कुजबुजणार. मर्यादेच्या आत होता, पण मार्जिन जेमतेम. कागदावर पास. तरी आम्ही बोर्ड बाहेर काढला, अँटेनाआधीच्या फिल्टरमधला तांदळाच्या कणीहून लहान असा एक कपॅसिटर बदलला आणि पुन्हा आत ठेवला. प्रयोगशाळेत जेमतेम पास झालेला नमुना हजार नग बनवल्यावर हमखास कुठेतरी नापास होतो. कारखान्यात राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता या मॉडेमचे देश. आतली चिप तीच. १५० ते ९६० मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलू शकेल अशी. तिला कुठे बोलू द्यायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं, आणि सॉफ्टवेअरला ते कायदा सांगतो. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याविना खुला आहे, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. ट्रान्समीटर १ वॅटपर्यंत, अँटेनाची भर धरून ४ वॅटपर्यंत. परवाना लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही, असा समज आमच्या निम्म्या ग्राहकांचा असतो. वापरणाऱ्याला परवाना नको, पण यंत्राला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची ‘ईटीए’ ही मान्यता हवीच.

हाच बोर्ड जर्मनीला पाठवायचा तर ८६८.१, ८६८.३, ८६८.५ अशा चॅनलवर न्यावा लागतो. तिथे शक्ती २५ मिलिवॅट, आणि वर अट अशी की तासातला एक टक्का वेळच बोलायचं. एक टक्का म्हणजे ३६ सेकंद. सगळ्यांत लांब पोचणाऱ्या पद्धतीनं दहा बाइटचा निरोप धाडायला जवळपास दीड सेकंद लागतो. हिशेब सरळ आहे: तासाला चोवीसेक निरोप, पुढच्या तासापर्यंत तोंड बंद. अमेरिकेची तऱ्हा तिसरीच. शक्तीला हात सैल, पण एका चॅनलवर एका दमात ४०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. म्हणजे दीड सेकंदाचा तो निरोप तिथे बसतच नाही. निरोप आखूड करा, नाहीतर वेग वाढवून पल्ला घालवा. एकच यंत्र, तीन स्वभाव. तिन्ही नियमांमागे विचार आहे. युरोपात त्या अरुंद पट्ट्यात गर्दी फार, म्हणून वेळ वाटून दिला. अमेरिकेत पट्टा ऐसपैस, म्हणून सतत चॅनल बदलत राहायला सांगितलं.

घोटाळा होतो तो हे स्वभाव बॅगेत भरून इकडे-तिकडे आणले की. निफाडकडच्या एका बागाईतदाराच्या भाच्यानं कॅलिफोर्नियाहून असा संच आणून दिला. खांबावर चढवला, रेंज झकास मिळाली. मी तो काढायला सांगितला तेव्हा मामा वैतागले. ‘‘साहेब, तिकडं अमेरिकेत राजरोस चालतंय, मग आपल्याकडंच काय अडलं?’’ अडलं ते असं. त्या अमेरिकी संचाचे पाठवायचे चौसष्ट चॅनल ९०२.३ पासून ९१४.९ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेले असतात. आपल्याकडे ८९० ते ९१५ हा पट्टा मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींसाठी कंपन्यांना दिलेला. चौसष्टच्या चौसष्ट चॅनल त्यात पडतात, एकही बाहेर नाही. टॉवर दूरच्या फोनचा क्षीण आवाज ऐकायला कान लावून बसलेला आणि शेजारच्या खांबावरून हा ओरडतोय. बागाईतदाराला याचा पत्ता लागत नाही, कारण त्याचं यंत्र चालत असतं. ‘फोन लागत नाही’ अशी तक्रार करतो तो वस्तीवरचा दुसराच कुणीतरी.

अँटेनाची गोष्ट आणखी गमतीची. राउटरचा अँटेना बदलताना आटे बसतात पण मधली पिन जुळत नाही, हा अनुभव अनेकांना असेल. अमेरिकेच्या दूरसंचार नियामक एफसीसीचा नियम आहे की उत्पादकानं दिल्याखेरीज दुसरा अँटेना सहज बसता कामा नये. म्हणून कारखानदारांनी पिन आणि छिद्र यांची अदलाबदल करून उलटा कनेक्टर काढला. आज तो कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत सुट्टा मिळतो, त्यामुळे नियमाचा हेतू कधीच वाहून गेला. पण हेतू रास्त होता. मान्यता मिळते ती ठरावीक भर घालणाऱ्या अँटेनासकट. मोठा लावलात की चेंबरमध्ये मोजलेली मर्यादा मोडली, आणि मान्यताही गेली. राउटरच्या सेटिंगमध्ये देश बदलून जास्त शक्ती मिळवण्याची युक्ती सांगणारेही याच पंथातले. २.४ गिगाहर्ट्झवर भारतात अँटेना धरून ४ वॅट चालतात, युरोपात ०.१ वॅट. पुण्यातला राउटर बर्लिनला नेऊन तसाच लावणं म्हणजे चाळीसपट आवाजात बोलणं.

टेलिफोनच्या तारेवरचे मॉडेम होते तेव्हाही हेच चालायचं. ब्रिटनमध्ये मान्यता असलेल्या यंत्रावर हिरवं वर्तुळ, नसलेल्यावर लाल त्रिकोण असे. त्रिकोणवाला विकता येई, पण सार्वजनिक तारेला जोडायची बंदी. अमेरिकेत ‘५६के’ मॉडेमला प्रत्यक्षात ५३ च्या आसपासच वेग मिळे, कारण तारेवरच्या शक्तीला एफसीसीची मर्यादा होती. खोक्यावर मात्र ५६ च छापलेलं.

प्रवाशांसाठी सगळ्यांत महाग पडणारा मॉडेम उपग्रहाशी बोलणारा. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन प्रवासी बाईंना अडवलं, कारण त्यांच्या सामानात गार्मिनचं इनरीच होतं. गिर्यारोहक जिवाच्या काळजीनं बाळगतात ते छोटं यंत्र, आत इरिडियमचा उपग्रह मॉडेम. भारतात तो परवानगीशिवाय नुसता बाळगणंही गुन्हा. २६/११ च्या हल्लेखोरांकडे थुराया उपग्रह फोन होता, हे लक्षात घेतलं तर कडकपणा समजतो. पण विमानात बसण्याआधी हे सांगायची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उरतोच. जानेवारी २०२५ मध्ये विमान वाहतूक नियामक डीजीसीएनं विमान कंपन्यांना प्रवाशांना तशी सूचना द्यायला सांगितलं. उशिरा, पण बरं केलं.

माहितीपुस्तिकेतली सुरक्षेची पानं कुणी वाचत नाही, म्हणून शेतावर मी तोंडीच सांगतो. चालू मॉडेमचा अँटेना अंगापासून २० सेंटिमीटर तरी लांब ठेवा. अँटेना न लावता वीज जोडू नका, परत फिरलेल्या शक्तीनं ट्रान्समीटर जळतो. विहिरीसाठी सुरुंग लावत असतील त्या दिवशी आसपासचे मॉडेम बंद ठेवा, कारण विजेच्या डिटोनेटरला रेडिओलहरींचा धोका असतो. खांब विजेच्या तारांपासून दूर रोवा. तो आडवा पडला तरी तारेला लागणार नाही इतका दूर. वळवाच्या विजांसाठी अरेस्टर आणि अर्थिंग करा. मॉडेमच्या पैशांत दुसरा मॉडेम येतो, खांबाला हात लावून उभ्या असलेल्या गड्याचं तसं नसतं.

आणि मॉडेम ऑनलाइन मागवताना किंवा पाहुण्यांकरवी आणवताना खोक्यावरची फ्रिक्वेन्सी वाचा. शेतातल्या अशा लांब पल्ल्याच्या ‘लोरा’ पद्धतीच्या मॉडेमसाठी आपल्याकडे ८६५ चा पट्टा, ९१५ चा नाही. विक्रेत्याकडे त्या मॉडेलच्या ईटीए प्रमाणपत्राची प्रत मागा. त्यानं टाळाटाळ केली तर दुसरा विक्रेता गाठा.