पायथॉन स्क्रिप्टमधील फाइल उघडण्याच्या त्रुटी

पायथॉन या संगणकीय भाषेतील स्क्रिप्टला एखादी फाइल सापडत नाही, ती उघडण्याची परवानगी मिळत नाही किंवा तिच्यातील मजकुराचा अर्थ लावता येत नाही, तेव्हा उद्भवणाऱ्या दोषांना फाइल उघडण्याच्या त्रुटी म्हणतात. बहुतेक प्रसंगी स्क्रिप्ट थांबते आणि त्रुटीचे नाव पडद्यावर दिसते. देवनागरी मजकुराच्या बाबतीत मात्र काही दोष असे असतात की स्क्रिप्ट थांबत नाही आणि बिघडलेला मजकूर तसाच पुढे जातो. अशा दोषांची उदाहरणे म्हणून या लेखात रायगड जिल्ह्यातील पेण, रोहा व इतर तालुक्यांची नावे घेतली आहेत.

दोन टप्पे

फाइल वाचण्याचे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात 'ओपन' हे फलन संगणकाच्या कार्यप्रणालीकडे ठरावीक मार्गावरील फाइल मागते. दुसऱ्या टप्प्यात फाइलमधील बाइटांचे अक्षरांत रूपांतर होते. 'फाइल नॉट फाउंड एरर' व 'परमिशन एरर' या पहिल्या टप्प्यातील त्रुटी होत, तर 'युनिकोड डीकोड एरर' ही दुसऱ्या टप्प्यातील. दोष कोणत्या टप्प्यात आहे हे त्रुटीच्या नावावरून कळते, म्हणून संदेशाची शेवटची ओळ प्रथम वाचावी.

मार्ग व नाव यांतील दोष

'फाइल नॉट फाउंड एरर' या त्रुटीचा क्रमांक २ आहे. केवळ फाइलचे नाव दिले असता पायथॉन ती फाइल चालू कार्यरत फोल्डरमध्ये शोधतो, स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये ठेवली आहे तेथे नव्हे. ही दोन ठिकाणे वेगळी असली की समोर दिसणारी फाइलही सापडत नाही. विंडोज प्रणाली सहसा नावाचा विस्तार लपवते, त्यामुळे नावापुढे तोच विस्तार चुकून दोनदा लागलेला असू शकतो. लिनक्समध्ये रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे भिन्न मानली जातात. विंडोजमधील मार्गात येणाऱ्या उलट्या तिरप्या रेषेनंतर रोमन 'एन' किंवा 'टी' हे लहान अक्षर आल्यास पायथॉन त्या जोडीचा अर्थ अनुक्रमे नवी ओळ व टॅब असा लावतो. अशा मार्गात सरळ तिरपी रेष वापरणे सुरक्षित असते.

देवनागरी नावांमध्ये आणखी एक अडचण येते. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे संगणकाच्या दृष्टीने भिन्न असू शकतात. 'रोहा' हा शब्द र, ओकार, ह व काना अशा चार युनिकोड चिन्हांचा आहे. ओकाराऐवजी काना व मात्रा स्वतंत्रपणे टंकित केल्यास चिन्हे पाच होतात, पण अनेक फाँटांत शब्द तसाच दिसतो. 'शेतकऱ्यांची यादी' या नावातील अर्धा र हा 'ऱ' या अक्षराचा पाय मोडून लिहिता येतो, तसाच साध्या 'र'नंतर हलंत व एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही लिहिता येतो. युनिकोडच्या सामान्यीकरणानेही हे भेद मिटत नाहीत. अशा वेळी फोल्डरमधील नावांची यादी 'लिस्टडिर' या फलनाने मिळवावी व ती 'अ‍ॅस्की' या फलनातून छापावी. तेथे प्रत्येक देवनागरी चिन्हाचा क्रमांक दिसतो आणि फरक उघड होतो.

नावाच्या लांबीलाही मर्यादा असते. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल व्यवस्थेत नाव जास्तीत जास्त २५५ बाइटांचे असते. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. त्यामुळे 'पेण' ९ व 'रोहा' १२ बाइटांचे होते आणि संपूर्ण देवनागरी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही.

परवानगी व उघडण्याची रीत

'परमिशन एरर' या त्रुटीचा क्रमांक १३ आहे. वापरकर्त्याला वाचण्याचा वा लिहिण्याचा अधिकार नसणे हे तिचे नेहमीचे कारण होय. विंडोजवर तीच फाइल एक्सेलमध्ये उघडी असताना स्क्रिप्ट तिच्यात लिहू लागल्यासही ही त्रुटी येते. फाइलऐवजी फोल्डरचे नाव दिले गेल्यास विंडोज 'परमिशन एरर' दाखवते, तर लिनक्स 'इज अ डिरेक्टरी एरर' दाखवते.

उघडण्याची रीत चुकल्यास होणारी हानी अधिक गंभीर असते. 'डब्ल्यू' या रीतीने अस्तित्वात असलेली फाइल उघडताच तिच्यातील सर्व मजकूर पुसला जातो, एकही अक्षर लिहिले नाही तरीही. नाव चुकले असल्यास त्रुटी न येता त्या चुकीच्या नावाची नवी फाइल तयार होते. म्हणून फाइल उघडते की नाही हे तपासण्यासाठी 'डब्ल्यू' कधीही वापरू नये, त्यासाठी 'आर' ही केवळ वाचण्याची रीत असते. नवीन फाइल निर्माण करताना 'एक्स' ही रीत वापरल्यास त्याच नावाची जुनी फाइल सुरक्षित राहते व स्क्रिप्ट त्रुटी दाखवून थांबते.

संकेतनातील दोष

संकेतन सांगितले नसल्यास पायथॉनच्या प्रचलित आवृत्त्या संगणकाचे स्थानिक संकेतन गृहीत धरतात. लिनक्सवर ते साधारणपणे यूटीएफ-८ असते, तर इंग्रजी मांडणीच्या बहुतेक विंडोज संगणकांवर १२५२ क्रमांकाचे. पायथॉन ३.१५ पासून सर्वत्र यूटीएफ-८ गृहीत धरण्याचे ठरले आहे.

१२५२ या संकेतनात जवळजवळ प्रत्येक बाइटाला एक रोमन अक्षर किंवा चिन्ह नेमलेले आहे. केवळ १२९, १४१, १४३, १४४ व १५७ हे पाच बाइट रिकामे आहेत. यूटीएफ-८ मध्ये साठवलेला मराठी मजकूर या संकेतनाने वाचताना असा रिकामा बाइट आला तरच त्रुटी येते, एरवी निरर्थक रोमन चिन्हे मिळतात. हलंताचा शेवटचा बाइट १४१ आहे व ऱ्हस्व उकाराचा १२९. म्हणजेच जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार आला की स्क्रिप्ट थांबते.

रायगड जिल्ह्यातील १५ तालुक्यांची नावे अशा प्रकारे वाचल्यास मुरूड, कर्जत, सुधागड, म्हसळा व श्रीवर्धन या पाच नावांवर 'युनिकोड डीकोड एरर' येते. पेण, रोहा, अलिबाग, पनवेल, उरण, खालापूर, माणगाव, तळा, महाड व पोलादपूर ही दहा नावे मात्र विनातक्रार वाचली जातात आणि चुकीची वाचली जातात. 'पेण' या शब्दाची नऊ निरर्थक चिन्हे होतात. 'रोहा' त्रुटीविना जातो, परंतु त्याचे सामान्यरूप 'रोह्या' असल्याने 'रोह्याला' या शब्दावर स्क्रिप्ट अडते. थोड्याशा नमुन्यावर चाललेली स्क्रिप्ट पूर्ण मजकुरावर अचानक का थांबते, याचे हे एक कारण आहे.

त्रुटी टाळण्यासाठी 'एरर्स' या घटकाला 'इग्नोर' ही किंमत दिली, तर न वाचता येणारा बाइट गाळला जातो. हलंत व ऱ्हस्व उकार यांचे पहिले दोन बाइट एकच आहेत, भेद केवळ तिसऱ्यात आहे. तो गाळला गेल्यावर मूळ ठिकाणी हलंत होता की उकार, हे त्या बाइटांवरून ठरवता येत नाही. असा मजकूर जुन्या फाइलवर लिहिला गेल्यास मूळ नावे कायमची नष्ट होतात.

एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही प्रकारात साठवलेल्या फाइलच्या आरंभी एक अदृश्य खूणचिन्ह असते. त्यामुळे 'तालुका' हा पहिलाच स्तंभ सापडत नाही. त्यावर 'यूटीएफ-८-सिग' हे संकेतन देणे हा उपाय आहे. युनिकोडपूर्व मराठी फाँटांतील जुन्या दस्तऐवजांत देवनागरी रूप केवळ फाँटात असते व फाइलमध्ये इतर चिन्हांचे क्रमांक असतात. तेथे संकेतन बदलून उपयोग होत नाही, स्वतंत्र रूपांतरक वापरावा लागतो.

निदानाचा क्रम

प्रथम त्रुटीचे नाव वाचून टप्पा ओळखावा. पहिल्या टप्प्यातील दोष असल्यास कार्यरत फोल्डर छापून पाहावा, त्यातील नावांची यादी तपासावी आणि त्यानंतर अधिकार पाहावेत. दुसऱ्या टप्प्यातील दोष असल्यास फाइलची प्रत काढून ती बाइट स्वरूपात वाचावी व योग्य संकेतन 'ओपन' फलनात स्पष्टपणे नमूद करावे. त्रुटी आली नाही तरी वाचलेल्या मजकुराच्या काही ओळी छापून डोळ्यांखालून घालणे आवश्यक असते. सर्व अपवाद गिळून टाकणारा 'एक्सेप्ट' विभाग लिहिणे टाळावे, कारण त्यामुळे त्रुटी नाहीशी होत नाही, फक्त तिची सूचना नाहीशी होते.