लपवलेला डबा आणि आकाशातील घड्याळे

सातारा जिल्ह्यातील बामणोली हे गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठी आहे. येथून लाँचमध्ये बसून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी जाता येते. लाँच काठ सोडून आत जाऊ लागली, की थोड्याच वेळात प्रवासी आपापला मोबाईल वर धरून पाहू लागतात. रेंज गेलेली असते. पुढे पाण्यावरच्या प्रवासात आणि नंतर जंगलातल्या चढणीवरही ती बहुतेक ठिकाणी मिळत नाही. मग कोणीतरी म्हणतोच, "आता हा फोन फक्त फोटो काढायच्या कामाचा!"

हे म्हणणे बरोबर नाही. त्या जंगलातही फोनला एक गोष्ट ठाऊक असते. आपण पृथ्वीवर नेमके कोठे उभे आहोत, हे तो सांगू शकतो. ही माहिती त्याला मोबाईलच्या टॉवरकडून मिळत नाही. ती आकाशातून येते.

रेडिओ आणि टेलिफोन यांत काय फरक आहे, ते आठवा. टेलिफोनवर आपण ऐकतो आणि बोलतोही. रेडिओ मात्र नुसता ऐकतो. आपल्या मोबाईलमध्ये ही दोन्ही यंत्रे एकत्र बसवलेली आहेत. बोलण्यासाठी त्याला टॉवर लागतो. पण जागा शोधण्याचे काम तो रेडिओसारखे, नुसते ऐकून करतो.

तो काय ऐकतो? पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएस या अमेरिकन यंत्रणेचे तीसएक उपग्रह फिरत असतात. प्रत्येकावर अतिशय अचूक असे अणुघड्याळ असते. 'मी अमुक उपग्रह, या क्षणी मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत,' असा निरोप प्रत्येक उपग्रह सतत पाठवत असतो. हा निरोप प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने येतो. तरी त्याला खाली पोहोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतोच. एवढ्याशा उशिरावरून फोन त्या उपग्रहाचे अंतर काढतो. तीन उपग्रहांची अंतरे कळली, की जागा निघते. पण फोनमधले घड्याळ साधे असते आणि त्याची चूक दुरुस्त करायला चौथा उपग्रह लागतो. ही चूक किती महाग पडते पाहा : घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतके चुकले, तर अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

घड्याळ हा या यंत्रणेचा जीव आहे, हे भारतालाही अनुभवाने कळले. आपल्या 'नाविक' या यंत्रणेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. पुढे त्याच्यावरील तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. उपग्रह आकाशात होता, पण त्याला वेळ सांगता येईना. म्हणून जागा शोधण्याच्या कामी त्याचा उपयोग राहिला नाही.

फोन आपली जागा अक्षांश आणि रेखांश यांत सांगतो. तुमच्या उर्दू भूगोलाच्या पुस्तकात यांनाच अर्ज-बलद आणि तूल-बलद म्हटले आहे. सातारा शहर सुमारे १७ अंश ४१ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, तर सांगली १६ अंश ५१ मिनिटांवर. फरक ५० मिनिटांचा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणून सांगली साताऱ्यापेक्षा सुमारे ९२ किलोमीटर दक्षिणेला आहे. येथे एक घोटाळा नेहमी होतो. साडेसतरा अंश म्हणजे १७ अंश ३० मिनिटे. दशांशात हीच संख्या १७.५ अशी लिहितात. घाईत कोणी १७.३० लिहिले, तर ते १७ अंश १८ मिनिटे होतात आणि माणूस थेट २२ किलोमीटर दूर जाऊन शोधत बसतो. आकडे कोणत्या पद्धतीने लिहिले आहेत, हे आधी विचारावे.

या आकड्यांवर एक खेळ उभा राहिला आहे. त्याचे नाव जिओकॅशिंग. यातला 'कॅश' म्हणजे रोख पैसा नव्हे. तो लपवून ठेवलेला साठा. पूर्वी अमेरिकेचे सरकार सामान्य लोकांसाठी जीपीएसचा संदेश मुद्दाम बिघडवून पाठवत असे आणि जागा १०० मीटरपर्यंत चुकत असे. मे २००० च्या सुरुवातीला हा बिघाड काढून टाकण्यात आला. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यातील एका जंगलात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश लोकांना कळवले. बादलीत वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू होत्या. एखादी वस्तू घ्या, एखादी ठेवा आणि वहीत नोंद करा, एवढाच नियम. थोड्याच दिवसांत ती बादली सापडलीसुद्धा! आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत.

आता रेंज नसलेल्या ठिकाणाकडे पुन्हा वळू. तेथे दोन गोष्टींची उणीव भासते. पहिली म्हणजे नकाशा. पडद्यावरचा नकाशा साधारणपणे इंटरनेटवरून येत असतो. रेंज गेली, की निळा ठिपका दिसतो, पण त्याच्याभोवती कोरा कागद! म्हणून त्या भागाचा नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घ्यावा लागतो. दुसरी उणीव वेगाची आहे. रेंज असताना उपग्रह कोठे आहेत, ही माहिती फोन इंटरनेटवरून पटकन घेतो. रेंज नसली, की तीच माहिती उपग्रहाच्या संथ संदेशातून घ्यावी लागते. त्याला अर्धा मिनिट लागतो, आणि फोन बरेच दिवस बंद असेल तर कित्येक मिनिटेही लागतात. अशा वेळी पुष्कळ जण फोन हलवत फिरतात. तसे करू नये. झाडी नसलेल्या मोकळ्या जागी शांत उभे राहावे. बामणोलीला जाणाऱ्याने लाँचमध्ये बसण्यापूर्वीच, रेंज असताना, आपली जागा एकदा पाहून घ्यावी आणि किल्ल्याच्या पायथ्याशी उतरल्यावर त्या जागेची खूण फोनमध्ये साठवावी. परत यायचे आहे तेथेच.

बॅटरीचाही विचार हवा. रेंज नसलेल्या भागात फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी लवकर संपते. 'एरोप्लेन मोड' सुरू केला, की हा शोध थांबतो. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये जागा दाखवण्याचे काम तरीही चालू राहते. महत्त्वाचे आकडे कागदावर लिहून खिशात ठेवावेत. कागदाला बॅटरी लागत नाही.

ही विद्या केवळ खेळापुरती नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये स्थापन झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान हे त्याचे दोन भाग. अशा जंगलांत वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधून ठेवतात. समोरून प्राणी गेला, की कॅमेरा आपोआप छायाचित्र घेतो. डिसेंबर २०२३ मध्ये या प्रकल्पात अशाच कॅमेऱ्याने वाघ टिपला. दाट रानात बांधलेला छोटासा कॅमेरा काही दिवसांनी पुन्हा कसा सापडायचा? बांधतानाच त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहून घेतलेले असतात. देशातील व्याघ्र प्रकल्पांत वनरक्षक गस्तीच्या नोंदी फोनमध्ये करतात. रेंज नसली तरी नोंद जागेसह साठून राहते आणि कार्यालयात आल्यावर पुढे पाठवली जाते. माझ्या मते जिओकॅशिंगचा सर्वांत कठीण प्रकार हाच, फक्त त्याला कोणी खेळ म्हणत नाही.

त्या जंगलात आपण मात्र डबे लपवायचे नाहीत. अभयारण्यात शिरायलाच वनखात्याची परवानगी लागते. कास पठारावरही हा खेळ नको. २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या त्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे आणि त्यातच फुलझाडे उगवतात. डबा शोधताना चार जणांनी दगड उलथले, तर पुढच्या वर्षी तेथे काय उगवणार? अशा जागांसाठी या खेळाचा डब्याविना एक प्रकार आहे. ठरलेल्या जागी जायचे, खडक किंवा दरी नीट पाहायची आणि दिलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहून आणायची. बसस्थानक, रेल्वे स्थानक किंवा बाजार येथेही डबा ठेवू नका. बेवारस डबा दिसला, की लोक घाबरतात आणि पोलिसांना बोलावतात. आणि उसाच्या फडात तर नकोच, कारण तोडणीनंतर पाचट पेटवतात.

आणखी एक गोष्ट. फोनला आपली जागा कळते, पण रेंज नसताना तो ती दुसऱ्या कोणाला कळवू शकत नाही. कोणत्याही कंपनीचा टॉवर पोहोचत नसेल, तर ११२ हा मदतीचा क्रमांकही लागत नाही. तुम्ही पाय मुरगळून बसलात, तर तुम्ही कोठे आहात हे फक्त तुम्हाला आणि आकाशाला ठाऊक! म्हणून घरी अम्मी-अब्बांना किंवा गावातल्या माणसाला सांगून निघावे : कोणत्या वाटेने जाणार, बरोबर कोण आहे, किती वाजता परतणार. एकट्याने जाऊच नये.

खेळ शिकायला शाळेचे मैदान पुरेसे आहे. आम्ही आमच्या शाळेत तो असाच खेळतो. रिकाम्या बिस्किटांच्या डब्यात वही आणि पेन्सिल ठेवून एक गट डबा लपवतो आणि जागेचे आकडे कागदावर देतो. दुसरा गट शिक्षकांचा फोन एरोप्लेन मोडवर ठेवून शोधायला निघतो. अशा रीतीने भर शहरात रेंज नसलेले रान तयार होते. मोकळ्या आकाशाखाली फोन सुमारे पाच मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतो, पण भिंतीजवळ किंवा झाडाखाली जास्त चुकतो. त्यामुळे मुले ठिपक्यावर येऊन थांबतात आणि म्हणतात, "सर, येथे तर काहीच नाही!" तेथून पुढे फोन खिशात ठेवायचा. झाडाच्या मुळाशी, पाण्याच्या टाकीमागे, विटांच्या ढिगाआड पाहायचे. डबा सापडला, की वहीत नाव, तारीख आणि वेळ लिहायची व डबा होता तेथेच परत ठेवायचा. आपल्याकडे जूनपासून पाऊस सुरू होतो, तेव्हा वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावी आणि शाईच्या पेनाऐवजी पेन्सिलच वापरावी.