दात सरळ करणारी पारदर्शक आवरणे
कुंभकोणमजवळील स्वामिमलै येथील स्थपती मूर्तीचा मेणाचा नमुना प्रथम घडवितात. त्यातील उणीव ओतीव धातूत जशीच्या तशी उतरते. दात सरळ करणाऱ्या पारदर्शक आवरणांचे, म्हणजे अलायनरांचेही तसेच आहे. दातांचा ठसा बिनचूक नसेल, तर आवरण नीट बसणार नाही. प्रत्येक आवरण दातास सुमारे पाव मिलिमीटर सरकविते; याकरिता ते दिवसातून २० ते २२ तास तोंडात असावे लागते. बसविल्यावर दाताची कड व आवरण यांत फट राहिली, तर तो दात मागे पडला असे समजावे आणि दंतवैद्यास दाखविल्यावाचून पुढील आवरण चढवू नये. हिरड्या व हाड न तपासता, घरीच घेतलेल्या ठशावरून आवरणे मागविणे मात्र धोक्याचे. झिजलेल्या हाडातील दात अशा दाबाने कायमचा सैल होऊ शकतो.