राखणदार हवे आहेत

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, हे आपल्याकडे पुष्कळांच्या स्मरणात आहे. कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह खानवेलच्या बाजूस हटला आणि ११ ऑगस्टला उदवा येथे शरण आला, हेही जुनी माणसे सांगत असत. परंतु त्यापुढील सात वर्षांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. वरिष्ठ पंचायतीने त्या चिमुकल्या मुलखाचा कारभार चालविला. पोर्तुगीज तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ या अर्थाचा इंग्रजी ठसा उमटवून टपाल चालू ठेवले. पोर्तुगालने १९५५ साली हेगच्या न्यायालयात दावा लावला, त्याच्या निकालासाठी १९६० चा एप्रिल उजाडला. भारतात विलीनीकरण झाले ते ११ ऑगस्ट १९६१ रोजी. सुधीर फडके यांच्यासारखे कलावंत ज्या मोहिमेत धावून गेले, ती मोहीम थोड्या दिवसांची होती. संसार सात वर्षांचा होता.

हे आज आठवण्याचे कारण निराळेच आहे. संगणकाच्या जगातही असाच एक मुक्त मुलूख आहे आणि त्याचा संसार चालवावयास माणसे मिळेनाशी झाली आहेत. जिची मूळ संहिता कोणासही वाचता, सुधारता आणि वाटता येते, अशा आज्ञावलीस मुक्तस्रोत म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या विचाराचा झेंडा उभारला, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला, आणि आज खानवेलच्या बाजारात भाजी विकणारीच्या हातातील अँड्रॉइड फोनही त्याच गाभ्यावर चालतो. झेंडा उभारणाऱ्यांची नावे जगास ठाऊक आहेत. रोजची झाडलोट करणाऱ्यांस कोण ओळखतो?

कोकणात गावोगाव राखणदार असतो. अडचण आली की त्याच्यापुढे गाऱ्हाणे घालावयाचे आणि वर्षातून एकदा त्याचा मान द्यावयाचा, अशी रीत आहे. संगणकाच्या राखणदारापुढे गाऱ्हाणी मात्र रोज येतात आणि मान वर्षातून एकदाही मिळत नाही. ‘ओपनएसएसएल’ ही आज्ञावली जगातील असंख्य संकेतस्थळांचे व्यवहार गुप्त राखते. २०१४ च्या एप्रिलात तिच्यात ‘हार्टब्लीड’ नावाचे भगदाड उघडकीस आले, तेव्हा कळले की पूर्णवेळ काम करणारा माणूस तेथे एकच होता आणि वर्षाकाठी देणग्या जमत त्या सुमारे दोन हजार डॉलर! लक्षावधींचा व्यापार करणाऱ्या पेढ्या त्या एका माणसाच्या खांद्यावर निर्धास्त बसल्या होत्या.

त्याहून बोलकी हकीकत ‘एक्सझेड’ची आहे. माहितीचा आकार आवळून लहान करणारे हे साधन वर्षानुवर्षे एकट्याने सांभाळणारा गृहस्थ थकला होता. मदतीस कोणी ‘जिया टॅन’ नावाचा स्वयंसेवक आला, दोन वर्षांहून अधिक काळ इमानाने राबला, विश्वास संपादन करून किल्ल्या हाती येताच त्याने आत चोरदरवाजा बसविला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास प्रवेशाला अर्धा सेकंद उशीर लागताना दिसला, त्याने कुतूहलाने तपास केला, म्हणून मोठा अनर्थ टळला. थकलेल्या माणसाजवळ दुसरा हात नसला की येईल तो हात धरावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

मग स्वयंसेवकांची नुसती गर्दी जमवावी काय? तोही प्रयोग होऊन गेला आहे. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या वार्षिक उपक्रमात काही दुरुस्त्या पाठविणाऱ्यास सदरा बक्षीस मिळे. २०२० च्या ऑक्टोबरात सदऱ्याच्या लोभाने लोकांनी एखादा शब्द इकडचा तिकडे करून इतका कचरा पाठविला की राखणदार त्याखाली गुदमरले; अखेर संमती दिलेल्या प्रकल्पांपुरताच उपक्रम ठेवावा लागला. त्या लाटेत भारतीय विद्यार्थी थोडे नव्हते, हे सांगावयास आम्हांस संकोच वाटतो.

आमच्या मते माणूस सार्वजनिक हाकेने क्वचित टिकतो. तो टिकतो नेमून दिलेल्या छोट्या कामाने आणि त्या कामास वेळेवर आलेल्या उत्तराने. या कामासाठी प्रत्येकाने संहिता लिहिणारा पंडित असावयास हवे, असेही नाही. ‘हार्फबझ’ ही मुक्तस्रोत आज्ञावली अँड्रॉइड, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांत अक्षरांची जुळणी करते. आता ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घ्या. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. भेद काय तो ‘र’च्या रूपाचा. तो चुकला तर खानवेलच्या दऱ्यांत वेंगुर्ल्याचा दर्या शिरावयाचा! परदेशातील कारागिरास हा भेद उपजत कसा कळावा? कोणा मराठी माणसाने तो दाखवून द्यावा लागतो, आणि नवी आवृत्ती निघाली की पुन्हा तपासून पाहावा लागतो. आलेले गाऱ्हाणे खरे की खोटे हे पडताळणे, मराठी भाषांतरातील बोजड शब्द बदलणे, मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ संग्रहास आपला आवाज देणे, हे सारे मराठी नीट जाणणाऱ्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे.

केरळात शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर चालते आणि ‘स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग’ या स्वयंसेवी मंडळाने आपल्या भाषेचे टंक व साधने घडविली आहेत. आपल्याकडे मराठीच्या अभिमानाची भाषणे अधिक होतात.

राष्ट्रीय सेवा योजनेत प्रत्येक स्वयंसेवकास वर्षाला १२० तास सेवा द्यावी लागते. वृक्षारोपण, स्वच्छता यांत ते तास जातात. त्यांस आमची हरकत नाही. परंतु त्यांतील काही तास एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या राखणदारीस दिले, तर तेही सेवा म्हणून मोजावयास काय अडचण आहे? मात्र एका महाविद्यालयाने एकच प्रकल्प निवडावा, तेथील राखणदारास आधी विचारावे, आणि त्याच्याशी परिचय ठेवणारा एक अध्यापक निदान तीन वर्षे बदलू नये. मुंबई, गोवा आणि कोकणातील विद्यापीठांनी तसेच सिल्वासातील महाविद्यालयांनी पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी याविषयीचे परिपत्रक काढावे, अशी आमची मागणी आहे.