पाणी मुरतंय कुठे?

वर्गात वाक्प्रचार शिकवताना ‘पाणी मुरणे’ आले, की मुले हमखास हसतात. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ म्हणजे काहीतरी काळेबेरे आहे, हा अर्थ मी गेली अठरा वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. आमच्या भाषेत लोणचे मुरलेले चालते, गवई मुरलेला चालतो, राजकारणी तर मुरलेलाच लागतो. पाणी तेवढे मुरलेले आम्हांला खपत नाही! भिंतीला ओल आली की घरधन्याचा जीव जसा टांगणीला लागतो, त्यातून हा वाक्प्रचार आला असावा असा माझा आपला तर्क.

पण दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात या वाक्प्रचाराने माझ्यावरच सूड उगवला.

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात मूळ बंगल्याची एक जुनी विहीर आहे. ती त्या मे महिन्यात तळाला गेली. टँकर सुरू झाले. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला, म्हणजे सोसायटीच्या चिटणिसाला, जणू मीच रात्री उठून पाणी प्यालो अशा नजरेने पाहू लागला. आणि खरे सांगायचे, तर त्यात थोडे तथ्य होते. सात वर्षांपूर्वी, पावसाळ्यात चिखल घरात येतो म्हणून सगळ्या आवारावर सिमेंट ओतून घ्यायचा ठराव मीच मांडला होता. तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला होता. आमच्या सौ. तेवढ्या म्हणाल्या होत्या, “आणि त्या आंब्यानं प्यायचं काय?” आंब्याभोवती मग वीतभर माती सोडली, ती सुद्धा उपकार केल्यासारखी. दिल्लीत झाडांच्या बुंध्यांभोवतीचे काँक्रीट मीटरभर काढून टाकण्याचा आदेश हरित न्यायाधिकरणाने 2013 सालीच दिला होता, हे मला फार उशिरा कळले.

माझा भाचा स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने सुट्टीत येऊन आवार पावलांनी मोजले आणि कागदावर आकडेमोड केली. “मामा, पाचशे चौरस मीटर अंगण. पुण्याचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटर धरा. म्हणजे साडेतीन लाख लिटर. दहा हजारांचे पस्तीस टँकर तुम्ही दर पावसाळ्यात गटारात सोडता!”

त्यातले सगळेच पाणी काही विहिरीत उतरले नसते. थोडे वाफ होऊन जाते, थोडे माती धरून ठेवते. तरीही पस्तीस हा आकडा माझ्या मनातून जाईना. त्यात घरातल्या एकाने बोअर पाडण्याची टूम काढली. तीनशे फूट खाली गेले की पाणीच पाणी, म्हणे. त्यासाठी सभा बोलवायची ठरली, आणि त्याआधीच्या रविवारी भाचा मला ओढून हिवरे बाजारला घेऊन गेला.

नगरपासून हे गाव सोळा-सतरा किलोमीटरवर. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी एस.टी.तली माणसे अजून ‘नगर’च म्हणतात. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या पुण्याहून पुष्कळच कमी. 1972 च्या दुष्काळानंतर या गावाची पार रया गेली होती. माणसे पोट भरायला बाहेर पडत होती. 1989 साली गावकऱ्यांनी पोपटराव पवार या एम.कॉम. झालेल्या तरुणाला सरपंच केले. 1990 नंतरच्या दशकात आदर्श गाव योजनेतून आणि श्रमदानातून गावाने डोंगर बांधून काढले. पुढे 2020 मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली, हे बहुतेकांना ठाऊक असेलच.

मला डोंगर बांधणे म्हणजे काही भव्य काम असेल असे वाटले होते. पाहिले तर काय, उतारावर आडवे खणलेले चर! एका उंचीवर, सलग. डोंगरावरून धावत येणारे पाणी चरात अडखळते, थांबते, आणि थांबले की मुरते. खालचा मुरूम ते पितो, मुरुमाखालच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून ते हळूहळू विहिरींकडे सरकते. मुरूम हा शब्द मी जन्मभर उच्चारत आलो. त्यात ‘मुरणे’ ऐकू यावे म्हणून मला चाळिशी उलटावी लागली. (व्युत्पत्ती तीच आहे असा माझा दावा नाही, विद्वानांनी पत्र लिहू नये.)

पण चर खणून गाव थांबले असते, तर पाच वर्षांत पुन्हा टँकर आला असता. दख्खनचा हा पाषाण काही वाळूसारखा सढळ नाही. त्याच्या भेगांत मावते ते पाणी थोडेच, आणि उपसायला लागले की भराभर संपते. म्हणून गावाने पाण्याचा जमाखर्च ठेवला. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, ग्रामसभेत हिशेब मांडायचा. आधी पिण्याचे पाणी बाजूला काढायचे आणि उरेल त्यावर कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. ऊस आणि केळी नाही. आणि शेतीसाठी बोअर नाही! पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी आमच्या बोअरची गोष्ट सांगितली. त्यांनी तंबाखू मळता मळता विचारले, “मास्तर, पुढच्याच्या ताटातलं खायचं ठरवलंय का?” मी चहा घेतला आणि विषय बदलला.

परतताना एस.टी.त भाचा त्याच्या विषयावर आला. शहरात चर कुठे खणायचे? रस्ते, पदपथ, मोटारी ठेवायची जागा तर कठीणच हवी. त्यासाठी जे काँक्रीट निघाले आहे त्याला सरकारी मराठीत ‘पारगम्य काँक्रीट’ म्हणतात. पाझर तलाव हा शब्द आपल्याकडे आहेच, तेव्हा मी त्याला ‘पाझर काँक्रीट’ म्हणतो.

दिवाळीचे दिवस आहेत, म्हणून चुरमुऱ्याच्या लाडवाचे उदाहरण देतो. गुळाचा पाक चुरमुऱ्यांना नुसता माखतो. मधल्या पोकळ्या मोकळ्याच राहतात. या काँक्रीटमध्ये खडी म्हणजे चुरमुरे आणि सिमेंट म्हणजे पाक. वाळू जवळजवळ नाहीच, कारण नेहमीच्या काँक्रीटमध्ये पोकळ्या बुजवण्याचे काम तीच करते. शंभर भागांत पंधरा ते पंचवीस भाग पोकळी राहते आणि पाणी त्यातून सरळ खाली जाते. पाण्याचे प्रमाण मात्र गृहिणीच्या हातासारखे नेमके लागते. ओले मिश्रण मुठीत दाबले तर त्याचा गोळा झाला पाहिजे. फुटला तर पाणी कमी, हाताला सिमेंटचा राडा लागला तर जास्त. पाक बिघडला की लाडूही बिघडतो. पसरल्यावर ते चटकन सुकते, म्हणून आठवडाभर प्लॅस्टिक घालून झाकून ठेवायचे. त्याखाली खडीचा जाड थर हवा. पावसाचा जोर असला की जमीन पिईपर्यंत पाणी तिथे साठून राहते. खाली काळी चिकण माती असेल, तर पाणी खाली जायला फार वेळ लागतो.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये 1852 सालीच अशा बिनवाळूच्या काँक्रीटची घरे झाली होती, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे हजारो घरांच्या भिंती त्याच्या उभ्या राहिल्या. पोकळ्यांमुळे ओल वर चढत नाही, हा त्यांचा गुण! म्हणजे भिंतीत पाणी मुरू नये म्हणून वापरलेला पदार्थ आता जमिनीत पाणी मुरावे म्हणून वापरला जातो. बिनवाळूच्या काँक्रीटची भारतीय मानक संहिता 1989 ची. हिवरे बाजारने सरपंच निवडला ते हेच साल. रस्त्यांच्या दृष्टीने आपल्याकडे खरगपूर आणि तिरुपतीच्या आय.आय.टीं.त त्यावर संशोधन झाले आहे. चीनने तर 2015 पासून तीस शहरांत पाऊस शोषून घेणारी ‘स्पंज नगरे’ करून पाहायला घेतली.

मी विचारले, “मग सगळे रस्ते याचेच का करत नाहीत?”

भाचा प्रामाणिक होता. पोकळ्यांमुळे ताकद कमी. जड मालमोटारींच्या रस्त्याला ते चालत नाही. आणि दुसरे म्हणजे ते तुंबते. धूळ, पालापाचोळा, बांधकामाची वाळू पोकळ्यांत बसली, की काही वर्षांत त्याचे साध्या काँक्रीटसारखेच होते. झाडून, धूळ ओढून घेऊन, पाण्याचा फवारा मारून ते उघडे ठेवावे लागते. आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याने जे थैमान घातले, माणसांचे बळी घेतले, तसला लोंढा अंगणातल्या पट्ट्यांनी थोपतो असे कुणी म्हणू नये. ओढ्याची जागा ओढ्यालाच हवी.

सभा झाली. मोटारी ठेवण्याच्या जागेपैकी शंभर चौरस मीटर उखडून तिथे पाझर काँक्रीट घालायचे, हा ठराव कुरकूर न होता मंजूर झाला. नवी वस्तू म्हटली की आम्ही उत्साही असतो. झाडणार कोण, यावर पाऊण तास गेला. बोअरचा विषय निघाला तेव्हा मी हिवरे बाजारचे सांगितले. कुणीतरी म्हणाले, “ते खेडं आहे हो, इथं लोकांना अंघोळी करायच्या असतात.” त्यावर आमच्या सौ. उठल्या. “मुरवायचं एका हातानं आणि उपसायचं दहा हातांनी, मग हा खर्च तरी कशाला?” एवढेच बोलून बसल्या. बोअर एक वर्ष पुढे ढकलला गेला, दोन मतांनी. बोअरची टूम काढणारे गृहस्थ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

पट्टा गेल्या उन्हाळ्यात झाला. पहिल्या पावसात सगळे छत्र्या घेऊन खाली आले. बाकीच्या आवारात पाणी नेहमीप्रमाणे फाटकाकडे धावले. पट्ट्यावर पडले ते दिसेनासे झाले. मुलांनी बादल्या ओतून ओतून पाहिले. ऑगस्टमध्ये शेजारच्या बांधकामावरच्या माणसाने वाळूचा ढीग नेमका त्यावरच ओतला, आणि तो रविवार मी खराटा घेऊन घालवला.

विहिरीत दर पहिल्या तारखेला गाठी मारलेली दोरी सोडतो. एवढ्याशा पट्ट्याने विहीर भरत नाही हे मला कळते, आणि पाऊसही दर वर्षी सारखा नसतो. तरी पाऊस एका रकान्यात, दोरीच्या गाठी दुसऱ्यात, आणि टँकर तिसऱ्यात, अशी वही घातली आहे. पुढल्या सभेत बोअरचा विषय पुन्हा निघेल, तेव्हा ती वाचून दाखवायची आहे.