बुरशीचे विष आणि विकरांची मर्यादा

गेल्या पावसाळ्यात एका पुरवठादाराचा प्रतिनिधी दिघोरीस आमच्या दवाखान्यात आला होता. त्याच्याजवळ पिवळसर भुकटीची पुडी होती. "वैद्यसाहेब, किलोमागे चिमूटभर मिसळा, चूर्णातील बुरशीचे सारे विष नाहीसे होते," असे त्याचे सांगणे. भुकटी विकरांची, म्हणजे व्यवहारात ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो त्यांची होती. आम्ही ती घेतली नाही. तथापि तिच्यामागील शास्त्र सर्वस्वी खोटे नाही. अर्धे खरे असल्यामुळेच ते आपल्या व्यवसायबंधूंनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

या विषयात आमचे लक्ष जाण्यास आमचीच चूक कारणीभूत झाली. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आलेल्या शतावरीच्या एका पोत्यात तळाशी बुरशी दिसली. वरची मुळे चांगली होती. तळची मुळे आम्ही पुसून, धुऊन, उघडीप मिळताच उन्हात वाळवून घेतली आणि सर्वांचे मिळून चूर्ण केले. रंग, गंध, रुची यांत काहीच वावगे नव्हते. पुढे शंका आली म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठविला, तेव्हा अफ्लाटॉक्सिन मर्यादेच्या वर निघाले. तोवर पंधरा दिवस ते चूर्ण दोन बाळंतिणींना दिले गेले होते. आम्ही दोघींच्या घरी जाऊन उरलेले चूर्ण परत आणले. सुदैवाने पुढे काही तक्रार आली नाही. परंतु हे विष यकृतातून बदलून मातेच्या दुधात उतरते हे ठाऊक असताना ते दिवस आम्हांस सुखाचे गेले नाहीत.

बुरशी मरते, पण तिने सोडलेले विष मरत नाही, हे आम्ही विसरलो होतो. अफ्लाटॉक्सिन बी-१ सुमारे २६८ अंश सेल्सिअसला वितळते. तेव्हा काढ्याच्या उकळीने किंवा स्नेहपाकाच्या उष्णतेने ते नष्ट होईल ही आशा व्यर्थ होय. स्वच्छ शेंगदाणा तेलातील हे विष सूर्यप्रकाशाने घटते, असे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील कामाने दाखविले आहे. पण तेलातून प्रकाश आरपार जातो, मुळाच्या गाभ्यात तो शिरत नाही.

हे विष काय करू शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच घडले. १९७४ साली गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत पावसात भिजलेला, बुरशी चढलेला मका आदिवासी कुटुंबांच्या पोटात गेला. कावीळ आणि जलोदर यांनी ३९७ जण आजारी पडले आणि त्यांतील १०६ दगावले. त्याच घरांतील कुत्रीही मेली. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील २७ गावांत अवकाळी पावसाने भिजलेली ज्वारी व मका खाऊन लोकांना पोटशूळ, आंत्रकूजन आणि अतिसार झाला. तेथे विष निराळे, फ्युमोनिसिन होते. आमच्या भंडारा जिल्ह्यात कापणीनंतर बांधीत पडलेल्या धानाच्या कडपा अवकाळी पावसात सापडतात. मका आणि भुईमूग यांच्या मानाने धानास हा धोका कमी, पण ओले धान पुंजण्यात दडपले की बुरशीस आमंत्रणच.

आता विकरांकडे वळू. विकर हे प्रथिन असून ते रेणूतील ठराविक बंधावरच घाव घालते. फ्युमोनिसिनच्या रेणूस आम्लाच्या दोन साखळ्या एस्टर बंधाने जोडलेल्या असतात. एका जिवाणूपासून मिळविलेले एस्टरेज त्या दोन्ही तोडते आणि उरलेला रेणू पुष्कळच कमी विषारी ठरतो. युरोपीय संघाने २०१४ साली हे विकर डुकरांच्या खाद्यात मिसळण्यास मान्यता दिली, पुढे ती इतर जनावरांपर्यंत वाढली. ऑक्राटॉक्सिनचे दोन तुकडे करण्याचे काम आपल्या स्वादुपिंडातही असणारे कार्बोक्सिपेप्टिडेज करते. झिअरालेनोनचे वलय लॅक्टोनेज उघडते. प्रत्येक कुलपास निराळी किल्ली आहे. 'सारे विष' नाहीसे करणारी एकच पुडी असू शकत नाही, हे एवढ्यावरूनच स्पष्ट व्हावे.

आपणांस सर्वांत अधिक भय ज्याचे, त्या अफ्लाटॉक्सिनचे कुलूप मात्र चिवट आहे. अळिंबांच्या वर्गातील बुरशींचे लॅकेज, मँगनीज पेरॉक्सिडेज, काही जिवाणूंची रिडक्टेज अशी विकरे त्यावर चालतात असे प्रयोगात दिसले आहे. पण क्रिया मंद होते, विकर पुष्कळ लागते, आणि उरलेले तुकडे निर्विष आहेत काय हे दर वेळी तपासावे लागते. मेक्सिकोत मका चुन्याच्या निवळीत शिजवतात. क्षाराने अफ्लाटॉक्सिनचे वलय उघडते, चाचणीत विष घटलेले दिसते, आणि जठरातील आम्लात त्यातील बराच भाग पुन्हा पूर्वरूपास येतो. तेव्हा केवळ चाचणीचा आकडा खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नये.

औषधशाळेच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की विकरास कार्य करण्यास जल हवे. पशुखाद्यातील एस्टरेज कोरड्या पोत्यात काही करीत नाही, जनावराच्या आतड्यात ओलावा मिळाला की मग करते. आपले चूर्ण तर कोरडेच असावे लागते. ते ओले करून विकरास संधी द्यावी, तर बुरशीसही तीच संधी मिळते. आसवारिष्टांच्या संधानात विष जिरते असेही काही जण म्हणतात. यीस्टच्या पेशीभित्तीस त्याचा काही अंश चिकटतो हे खरे, पण चिकटणे म्हणजे मोडणे नव्हे. शार्ङ्गधरांनी चूर्णास दोन महिन्यांची मर्यादा सांगितली ती वीर्याची होय, तिच्या आधाराने विषाचा निर्णय करता येत नाही.

दुधाचाही विचार करावा. गाईने बुरशीची ढेप खाल्ली तर बी-१ चा साधारण एक-दोन टक्के, भरपूर दुधाच्या जनावरांत सहा टक्क्यांपर्यंत अंश एम-१ या रूपाने दुधात येतो. क्षीरपाकाने तो जात नाही. अन्नसुरक्षा मानकांत दुधाकरिता किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आणि धान्याकरिता १५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे. क्षीरपाकासाठी दूध देणाऱ्या गवळ्यास आम्ही आता ढेप कोठे ठेवता हे विचारतो. पहिल्यांदा त्याला हसू आले होते.

आमच्याकडे सध्या शतावरी, पिंपळी, सुंठ ही द्रव्ये पावसाळ्यात घेतलीच जात नाहीत. मूळ मोडताना कट् असा आवाज न आल्यास पोते परत जाते. बुरशी एका कोपऱ्यात दिसली तरी निवडून उरलेले वापरण्याचा मोह आम्ही सोडला आहे. त्या शतावरीचे पोते खड्डा करून पुरले. शेजाऱ्याने ते गुरांसाठी मागितले होते, त्यास नकार देताना वाईटपणा आलाच. तपासणीचा खर्च लहान औषधशाळेस जड जातो, म्हणून जिल्ह्यातील चार-पाच जणांनी एकाच घाऊक मालाची खरेदी करून एकत्र तपासणी करावी असे आम्हांस वाटते. नमुना काढताना मूठभर वरचे द्रव्य देऊ नये. विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे घेऊन, एकत्र कुटून, त्यातील भाग पाठवावा.